पोटभाडेकरूची बाजू

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. कारणं नेहमीचीच... कामाचा रगाडा, पाहुणे, आणि खरं सांगायचं तर टंकाळा. पण परवा रात्री भाचीचा फोन आला आणि डोकं असं काही सणकलं की म्हटलं, आता हे उतरवून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

आधीच सांगून ठेवतो, हा लेख संगणकाबद्दल आहे आणि भांडायच्या पवित्र्यात लिहिलेला आहे. तरी आत्या आणि नानाकाका, "हे काही आपल्याला कळायचं नाही" म्हणून लगेच पान बंद करू नका. तुम्ही दोघं वाड्यात वाढलात. ज्याला मालक, भाडेकरू आणि पोटभाडेकरू ही उतरंड ठाऊक आहे त्याला हा विषय माझ्या ऑफिसातल्या कित्येकांपेक्षा लवकर कळेल. :)

तर भाची. (नाव लिहायचं नाही अशी तंबी मिळाली आहे.) तालुक्याच्या गावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांना एक प्रॅक्टिकल आहे: हायपरव्हायजर बसवा, त्यावर एक व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवा. कॉलेजकडे बऱ्यापैकी दणकट असा एकच सर्व्हर. त्याचे तुकडे करून प्रत्येक गटाला एकेक व्हर्च्युअल मशीन दिलेलं. पोरांनी त्यात प्रॉक्समॉक्स बसवलं, वेबपान उघडलं, नवीन मशीन तयार केलं, 'स्टार्ट' दाबलं... आणि लाल अक्षरांत निरोप आला की हार्डवेअरची व्हर्च्युअलायझेशनची सोय उपलब्ध नाही, बायोसमध्ये जाऊन चालू करा.

"मामा, आमच्या मशीनला बायोस कुठला? ते तर स्वतःच खोटं आहे!"

"मग सरांना सांग की सर्व्हरवर तुमच्या मशीनचा एक पर्याय बदलायचा आहे."

"सांगितलं ना. सर म्हणाले ते नेस्टेड वगैरे खेळणी आहेत, प्रॉडक्शनमध्ये कुणी वापरत नाही. मागच्या बॅचच्या जर्नलमधले स्क्रीनशॉट घ्या आणि चिकटवा."

बस्स. इथे माझी सटकली.

आता मालक-भाडेकरूचा हिशोब सांगतो, म्हणजे भांडण कशावरून आहे ते सगळ्यांना कळेल.

वाडा म्हणजे खराखुरा संगणक. मालक म्हणजे हायपरव्हायजर, वाड्याच्या खोल्या करून भाड्यानं देणारा प्रोग्राम. एकेक भाडेकरू म्हणजे एकेक व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकाला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क आहे असं वाटतं, आणि शेजारच्या खोलीत काय चाललंय ते दिसत नाही. आता यातल्या एका भाडेकरूनं आपल्या खोलीत पार्टिशन घालून तीन पोटभाडेकरू ठेवले. त्यांच्यापुरता तोच मालक. म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत हायपरव्हायजर, आणि त्याच्या आत पुन्हा व्हर्च्युअल मशीन. यालाच नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. झालं, एवढंच आहे!

गंमत पुढे आहे. इंटेलनं २००५ मध्ये आणि एएमडीनं २००६ मध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट प्रोसेसरमध्ये दिली, पण प्रोसेसर मालक एकच ओळखतो. पोटभाडेकरूचा नळ बंद पडला की तक्रार आधी वाड्याच्या खऱ्या मालकाकडे जाते. मालक म्हणतो, "हा माझा माणूस नव्हे," आणि तक्रार भाडेकरूकडे पाठवतो. भाडेकरू मालकाच्या थाटात दुरुस्तीला निघतो, पण पाना उचलायचा तरी त्याला खऱ्या मालकाला विचारावं लागतं, आणि नळ खोलायचा तरी पुन्हा विचारावं लागतं. एका तक्रारीपायी जिन्यावर अनेक फेऱ्या. नेस्टेड मशीन हळू का चालतं याचं मुख्य कारण हेच. यात जादू नाही आणि काळी विद्याही नाही.

"खेळणं" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. १९७० च्या सुमारास आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात सिस्टिम/३७० या नव्या यंत्रांची तयारी चालली होती. व्हर्च्युअल मेमरी असलेलं ३७० अजून हातात नव्हतं. तिथल्या लोकांनी काय केलं, तर सीपी-६७ हा त्यांचा तेव्हाचा हायपरव्हायजर बदलून त्याच्याकडून ३७० चं सोंग वठवलं. आणि हा बदललेला सीपी-६७ ते साध्या सीपी-६७ च्या आत, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत. का? तर त्याच यंत्रावर आसपासच्या कॉलेजांतले विद्यार्थीही काम करत असत, आणि अजून जाहीर न झालेलं ३७० चं गुपित त्यांच्या नजरेस पडायला नको होतं. पुढे ऑगस्ट १९७२ मध्ये ते यंत्र आणि व्हीएम/३७० जाहीर झालं. म्हणजे बघा, नेस्टेडचा पहिल्या काही उपयोगांपैकी एक हाच, की जे यंत्र अजून हातात नाही त्याची आधीच तालीम करायची. पन्नास वर्षांनंतर आमच्या भाचीची गरज नेमकी तीच आहे. तिच्या हातात यंत्र नाही!

१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी व्हर्च्युअलायझेशनच्या अटी गणिती पद्धतीनं मांडल्या. त्याच निबंधात, असं मशीन स्वतःच्याच आत पुन्हा कधी चालवता येईल, याचंही प्रमेय आहे. नंतर हा विषय नव्यानं गाजला तो २०१० मध्ये. आयबीएमच्या इस्राएलमधल्या हैफा प्रयोगशाळेतल्या लोकांनी इंटेलच्या साध्या प्रोसेसरवर, केव्हीएम वापरून, हे करून दाखवलं. प्रकल्पाचं नाव टर्टल्स, म्हणजे कासवं. कासवाखाली कासव, त्याच्याखाली अजून एक कासव, ही ती गोष्ट. नेहमीच्या कामांत एकेरी व्हर्च्युअलायझेशनपेक्षा सहा ते आठ टक्क्यांचाच फरक पडतो असं त्यांनी मोजून मांडलं. २०११ पासून ते काम लिनक्सच्या गाभ्यात यायला लागलं, आणि २०१८ च्या शेवटी आलेल्या ४.२० आवृत्तीपासून इंटेलवर ही सोय मुळातच चालू असते. २०१७ साली अझूर आणि गूगल क्लाउड या दोघांनीही ती गिऱ्हाइकांना देऊ केली. गिऱ्हाइकांना खेळणी वाटायला हे लोक बसलेले नाहीत.

आता माझ्या ऑफिसातली गोष्ट सांगतो. ऑफिसचं नाव सांगणार नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गप्प बसावं. :)

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि परवान्यांची पद्धत बदलली. कायमचे परवाने गेले, वर्गणी आली. मग पुष्कळ ठिकाणी झालं तेच आमच्याकडेही झालं: दुसरीकडे जायचं ठरलं. तीन सर्व्हर घेऊन प्रॉक्समॉक्सचा गट करायचा. आम्हा चौघांपैकी कुणीही तो आधी चालवलेला नव्हता. मी म्हटलं, जुन्या व्हीएमवेअरवरच तीन व्हर्च्युअल मशीनं करू, त्यांत प्रॉक्समॉक्स बसवू आणि आठवडाभर मोडतोड करू. पैसा लागत नाही, नवीन काही घ्यायचं नाही. वरून उत्तर आलं, "कंपनी नेस्टेडला प्रॉडक्शनसाठी सपोर्ट देत नाही. अनसपोर्टेड गोष्टीत वेळ घालवू नका."

झालं. २०२४ च्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी रात्री आम्ही नेटवर्कच्या स्विचमध्ये एक बदल केला. किरकोळ होता. दोन-तीन मिनिटं तिन्ही सर्व्हरचं एकमेकांशी बोलणं बंद पडणार होतं, आणि पडलं. आमचा समज असा की आतली मशीनं चालूच राहतील, फक्त नियंत्रणाचं पान थोडा वेळ रुसेल. प्रत्यक्षात तिन्ही सर्व्हर एकदम, आपण होऊन, रीस्टार्ट झाले! त्यांच्यावरचं सगळं खाली आलं. पैकी एकाच्या डेटाबेसनं उठायला नकार दिला. सगळं सावरेपर्यंत पहाट झाली आणि रविवारी सकाळी दोन शाखांची बिलं हातानं लिहावी लागली.

यात प्रॉक्समॉक्सचा काहीही दोष नाही. हाय अव्हेलेबिलिटी चालू असेल तर बहुमत गमावलेला सर्व्हर साधारण मिनिटाभरात स्वतःला रीस्टार्ट करतो, म्हणजे एकच मशीन दोन ठिकाणी चालू राहून डिस्कची वाट लागू नये. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही ते वाचलंही होतं! पण वाचणं वेगळं आणि डोळ्यांसमोर तीन यंत्रं माना टाकताना बघणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारली, दुसरं काय.

आता भाचीकडे परत येतो. त्या फोननंतर मी माझा जुना लॅपटॉप काढला. आय-फाइव्ह, १६ जीबी मेमरी, त्यावर लिनक्स. तो कुरिअरनं पाठवला आणि रोज रात्री तासभर फोनवर बसलो. तिनं केव्हीएमवर तीन मशीनं केली, प्रत्येकी तीन जीबीची. तिन्हींत प्रॉक्समॉक्स बसवून त्यांचा गट केला. त्यात अल्पाइन लिनक्सचं एक चिमुकलं मशीन ठेवलं, पाव जीबीत मावणारं. मग ते चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवून दाखवलं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "आता हाय अव्हेलेबिलिटी लाव, आणि तिघांमधली नेटवर्कची वायर काढ." वायर म्हणजे खोटीच, एक क्लिक.

थोडा वेळ शांतता. मग ओरडली, "मामा! तिघंही मेले!"

"मेले नाहीत. आत्महत्या केली. आता का केली ते सांग."

बराच वेळ विचार करून तिनं बरोबर सांगितलं. जे कळायला आम्हा चार बापयांना एक अख्खी रात्र, दोन शाखांची बिलं आणि साहेबांच्या शिव्या लागल्या, ते या पोरीला घरात बसून, चहाचा कप हातात धरून कळलं. आणि कुणाचंही काहीही बिघडलं नाही. स्नॅपशॉट मागे घेतला की सगळं होतं तसं.

मंडळी, माझं म्हणणं एका ओळीत मावतं. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन ही चुका करायची सगळ्यात स्वस्त जागा आहे. ती जागा बंद केलीत तर चुका थांबत नाहीत. त्या फक्त प्रॉडक्शनमध्ये जाऊन राहतात.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे एकेक करून घेतो. सगळे ऐकून पाठ झालेत.

"प्रॉडक्शनमध्ये चालत नाही." अहो, रंगीत तालमीची तिकिटं कुणी विकतं का? मग ती रद्द करायची? नाटकवाला माणूस असं म्हणाला तर त्याला वेड्यात काढाल. 'प्रॉडक्शनसाठी सपोर्ट नाही' या वाक्याचा अर्थ 'प्रॉडक्शन यावर ठेवू नका' एवढाच आहे. 'याला हात लावू नका' असा अर्थ आपल्याकडच्या लोकांनी स्वतःच्या सोयीनं काढलाय.

"हळू चालतं." चालतं. डिस्क आणि नेटवर्कची कामं जास्त असतील तर चांगलंच हळू चालतं, जिन्यावरच्या फेऱ्या आठवा. पण शिकणाऱ्याला किती वेग हवा? आणि जे हळू म्हणून नाकारताय त्याच्या बदल्यात देताय काय, तर मागच्या बॅचचा स्क्रीनशॉट. त्याचा वेग किती? शून्य! सोय बंद असताना प्रॉक्समॉक्समध्ये हार्डवेअरची मदत न घेता नुसत्या नकलेवर मशीन चालवता येतं. ते एकदा चालवून बघा, मग हळू म्हणजे काय ते कळेल.

"सुरक्षित नाही." या मुद्द्याला मी मान देतो, कारण तो खरा आहे. २०२१ साली गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या एका संशोधकानं केव्हीएमच्या एएमडीसाठी असलेल्या नेस्टेड भागातच चूक शोधली. आतल्या मशीनमधून थेट वाड्याच्या मालकावर ताबा मिळवता येत होता. चूक दुरुस्त झाली, पण धडा राहिलाच: पोटभाडेकरू ठेवायची परवानगी दिली की वाड्याला एक खिडकी वाढते. म्हणून अनोळखी माणसांची मशीनं जिथे राहतात तिथे ही सोय उगाच चालू ठेवू नये. कॉलेजच्या ज्या सर्व्हरवर फीचा आणि निकालाचा हिशोब आहे त्यावर तर नाहीच नाही. पण लॅबचा सर्व्हर वेगळा असेल, त्यावर गमवण्यासारखं काही नसेल आणि त्याचे अपडेट वेळेवर होत असतील, तर? 'धोका आहे' हे कारण खरं की 'कटकट नको' हे, ते ज्याचं त्यानं आरशात बघून ठरवावं.

"मग जुने सर्व्हर विकत घ्या." घेतो की, वीजबिल कोण भरणार? भंगारातला रॅकचा सर्व्हर स्वस्त मिळतो, पण घरात लावला की विमान उतरतंय असा आवाज येतो. तीन सर्व्हर, एक स्विच, इन्व्हर्टर... पुण्यातल्या दोन खोल्यांत नाही मावत, आणि तालुक्यात दिवसाला किती तास वीज जाते ते तिथल्या माणसालाच विचारा. ज्याच्या बापाचं डेटासेंटर आहे त्यानं खुशाल खऱ्या यंत्रांवर शिकावं. बाकीच्यांनी काय करायचं?

"कंटेनर आहेत ना आता!" हे तरुण मंडळींचं. कंटेनर छान आहेत, मीही वापरतो. पण सगळे कंटेनर एकाच लिनक्स गाभ्यावर राहतात, म्हणजे एकाच स्वयंपाकघरात जेवतात. हायपरव्हायजर अपग्रेड करताना काय मोडतं हे त्यात कसं दिसणार? उलट कंटेनरलाच वेगळी भिंत हवी झाली की काटा कंटेनर्ससारखं काहीतरी लागतं, जे प्रत्येक गठ्ठ्याला स्वतःचं छोटं व्हर्च्युअल मशीन देतं. आणि तुमचा सर्व्हर क्लाउडमधलं व्हर्च्युअल मशीन असेल तर त्यासाठी नेस्टेड लागतं. पळून पळून कुठे जाणार!

आणि उपयोग फक्त शिकण्यापुरताच आहे असंही नाही. अँड्रॉइडचं अॅप लिहिणारे त्याच्या चाचण्या क्लाउडमधल्या मशीनवर चालवतात. तिथला एमुलेटर हे स्वतःच एक व्हर्च्युअल मशीन असतं, नेस्टेड नसेल तर रांगतं. विंडोजच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला लिनक्ससाठी डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती हवी असेल, तरी तेच. नेटवर्किंगच्या परीक्षा देणारी पोरं ईव्ही-एनजी किंवा जीएनएस-३ मध्ये दहा-बारा राउटर जोडून बसतात, आणि ते सगळे राउटर एका व्हर्च्युअल मशीनच्या पोटात असतात. २०१२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठ आणि आयबीएमच्या लोकांनी झेन-ब्लँकेट नावाचा प्रयोग केला होता: क्लाउडवाल्याच्या मशीनमध्ये आपलाच एक हायपरव्हायजर पांघरुणासारखा घालायचा, म्हणजे आतली मशीनं एका क्लाउडमधून दुसऱ्यात नेताना त्यांना काही बदललेलं जाणवू नये. मालक बदलला तरी पोटभाडेकरूचं बिऱ्हाड तसंच!

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द सुनावतो, नाहीतर एकतर्फी होईल. नेस्टेड चालतं म्हणून गिऱ्हाइकाचा डेटाबेस त्यावर ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू, त्यावर कंटेनर. काही बिघडलं की कुठल्या मजल्यावर बिघडलं हे शोधायला दोन दिवस. हाही मूर्खपणाच. आणि दुसरं, नेस्टेडमुळे मेमरी वाढत नाही हो! १६ जीबीच्या वाड्यात तुम्ही कितीही पार्टिशनं घाला, जागा १६ जीबीचीच. आठ मशीनं उभी करून "लॅपटॉप हँग होतो" अशी मेल मला पाठवू नका.

कुणाला करून बघायचं असेल तर थोडक्यात. बाहेरचा मालक प्रॉक्समॉक्स असेल तर मशीनच्या प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' असा ठेवायचा. व्हीएमवेअर असेल तर प्रोसेसरच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन आत दाखवायची एक चौकट असते, तिथे टिक करायची. हायपर-व्हीमध्ये मशीन बंद करून पॉवरशेलची एक ओळ द्यावी लागते, आणि विंडोज सर्व्हर असेल तर तो इंटेलवर २०१६ किंवा नंतरचा लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटेलसाठी ही सोय २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून आहे.

आणि यानंतर ज्या खड्ड्यात सगळेच पडतात तो आधीच दाखवून ठेवतो. आतलं मशीन चालू होतं, पण त्याला नेटवर्क मिळत नाही. कारण साधं आहे. पोस्टमन दारावरची पाटी वाचतो. पाटीवर नाव भाडेकरूचं, पत्र पोटभाडेकरूचं, पोस्टमन पत्र परत नेतो! बाहेरच्या व्हर्च्युअल स्विचला आतल्या मशीनचा मॅक पत्ता ओळखीचा नसतो. उपाय दोन. एक, स्विचला सांगायचं की या दारावर अनोळखी नावाची पत्रंही टाक. व्हीएमवेअरमध्ये त्याला प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स म्हणतात, हायपर-व्हीमध्ये मॅक अॅड्रेस स्पूफिंग. दुसरा उपाय आपल्या आजी-आजोबांना माहीत होता: पत्त्यात 'द्वारा अमुक' लिहायचं. त्याला हे लोक नॅट म्हणतात.

असो. मूळ मुद्द्यावर येतो आणि आवरतं घेतो.

मला त्या सरांचा राग नाही. त्यांच्या डोक्यावर चार वर्ग, एक सर्व्हर आणि वरून येणारे रकाने भरायचे कागद. राग आहे तो 'खेळणं' या शब्दाचा. आपल्याकडे शिकण्यासाठी जे जे काही लागतं त्याला आधी खेळणं म्हणायचं, मग बंद करायचं, आणि त्याजागी जर्नल ठेवायचं अशी रीत आहे. जर्नल पूर्ण असतं, सह्या असतात, गुण असतात. आणि ती पोरं नोकरीला लागतात तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वायर काढतात, ती खऱ्या सर्व्हरची. त्या सर्व्हरवर कुणाची बिलं असतात, कुणाचे रिपोर्ट, कुणाचा पगार. चूक करायचा हक्क पोराला विद्यार्थी असताना नाकारला की तो नोकरीत कुणाच्या तरी जिवावर वसूल होतो. शहरातल्या, पैसेवाल्या घरच्या पोराला घरी दुसरा संगणक मिळतो. गावातल्या पोरीकडे त्या सर्व्हरवरची एक टिक सोडून दुसरं काहीच नसतं. आणि तेवढीच आपण देत नाही.

तेव्हा जे कुणी लॅब सांभाळतात आणि चुकून इथे येतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे. लॅबचा सर्व्हर कामाच्या सर्व्हरपासून वेगळा करा, तो अपडेट ठेवा आणि टिक करा. मग पोरांनी काय काय मोडलं ते जर्नलमध्ये लिहून घ्या. त्याला गुण द्या.

ता.क. हे लिहून दोन दिवस तसंच पडलं होतं. काल भाची लॅपटॉप घेऊन सरांकडे गेली आणि वायर काढायचा प्रयोग करून दाखवला. सरांनी तो तिला तीनदा करायला लावला म्हणे. मग विचारलं, "एका गटाला साधारण किती रॅम लागेल?" अजून परवानगी मिळालेली नाही. पण "खेळणं आहे" नंतरचा हा पहिलाच खरा प्रश्न. तिनं उत्तर दिलंय: गटाला दहा जीबी, आणि गट पाळीपाळीनं बसले तर आहे त्या सर्व्हरमध्ये भागेल. बघू या.

आणि हो, ताई, तो लॅपटॉप तिच्याकडेच राहू दे. चार्जर तेवढा जपून वापरायला सांग, त्याची वायर खरीच आहे. :)